आफ्रिकेत शिकारीला निघालात? गाईड कशाला हवा!

बाली झालं, व्हिएतनाम झालं, बुलेटवरून लडाखही झालं. टूर कंपनीच्या झेंड्यामागे रांगेने चालणारी मंडळी दिसली की तुम्हाला त्यांची कीव येते. तुम्ही सगळं स्वतः आखता. एक्सेलमध्ये तक्ता, तीन ठिकाणच्या भावांची तुलना, आणि कमिशन खाणाऱ्या मधल्या माणसाला सरळ नारळ. आता तुम्हाला आफ्रिकेत जाऊन केप बफेलो, म्हणजे तिथला रानरेडा, आणि जमलंच तर सिंह मारायचा आहे, तोही गाईडशिवाय. छानच आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकारीचा बाजार उठला. रानडुकराने अख्खं खाचर उकरलं तरी शेतकऱ्याला वनखात्याच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागतं. मर्दुमकी दाखवायला परदेशाशिवाय जागा उरली आहेच कुठे?

पहिलं काम देश निवडण्याचं. तुमच्या डोक्यात केनिया असणार, कारण नैरोबीत वहिनींचे मावसभाऊ आहेत आणि राहण्याखाण्याचा खर्च वाचतो. पण केनियाने शिकार १९७७ मध्येच बंद केली. मावसभाऊ चहा पाजतील, लांबून सिंहही दाखवतील, पुढचं विसरा. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि २०१९ मध्ये उठवली. तिथे हत्ती एवढे आहेत की २०२४ मध्ये जर्मनीने ट्रॉफीच्या, म्हणजे शिकारीतल्या मुंडक्या-कातड्यांच्या, आयातीवर निर्बंधांची भाषा सुरू केली तेव्हा तिथले त्या वेळचे अध्यक्ष मासिसी चिडून म्हणाले, २०,००० हत्ती तुमच्याकडेच पाठवून देतो. मग एखादा आपल्याला फुकटात सुटेल असं तुम्ही तक्त्यात धरलं असेल. खोडून टाका.

टांझानियात सिंह मिळतो, पण तो किमान सहा वर्षांचा असावा लागतो. सिंहाच्या गळ्यात आधार कार्ड नसतं. वय ओळखायची एक खूण म्हणजे नाक. पिल्लाचं नाक गुलाबी असतं, वय वाढेल तसे त्यावर काळे ठिपके वाढत जातात, आणि निम्म्याहून जास्त काळं झालं की वयात आला असं धरतात. गाईड बरोबर असता तर दुर्बीण लावून हे नाक त्याने पाहिलं असतं. आता ते तुम्ही पाहायचं. जवळ गेल्यावर ठिपके जास्त स्पष्ट दिसतात.

राहिले दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया. तिथे शिकार रीतसर चालते, धंदा मोठा आहे, आणि एक किरकोळ अट आहे: परदेशी माणसाने परवानाधारक व्यावसायिक शिकाऱ्याशिवाय शिकार करायची नाही. म्हणजे ज्याला तुम्ही कात्री लावणार तोच कायद्याने सक्तीचा. पण तुम्ही नियमाला घाबरणारे असता तर वन-वेमध्ये स्कूटर घातली असती का?

आता बंदूक. शस्त्रपरवाना जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे मागायचा. कारण विचारतील; ‘सिंह’ लिहू नका. परवाना मिळाला तरी महाराष्ट्रात आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा हुकूम येऊ शकतो, आणि आपल्याकडे लोकसभा, विधानसभा, झेडपी, महापालिका असं काही ना काही चालूच असतं. तेव्हा सहलीची तारीख निवडणूक आयोगाला विचारूनच ठरवा. हत्ती-बफेलोला अनेक ठिकाणी किमान .३७५ बोअर (नळीचं इंचातलं माप) लागतो. आजोबांची .३१५ कपाटातच राहू द्या. विमानात काडतुसं माणशी पाच किलोपर्यंत, वेगळ्या पेटीत. जोहान्सबर्गला उतरल्यावर पोलिसांचा ५२० क्रमांकाचा फॉर्म असतो. तो काळ्या शाईनेच भरायचा आणि सही पोलिसासमोरच करायची. घरून सही करून गेलात तर फॉर्म बाद. निळं पेन घेऊन गेलेल्या शूर पुरुषांनी तिथे पेन शोधत घालवलेला वेळ रानात घालवलेल्या वेळापेक्षा जास्त भरेल. फॉर्मसोबत तिथल्या सफारीवाल्याचं निमंत्रणपत्रही लागतं. तुम्हाला सफारीवाला नाही. तेव्हा स्वतःच स्वतःला बोलवा. ‘प्रिय मी, आपण आमच्या येथे अगत्य येण्याचे करावे.’

निळ्यावरून आठवलं, जीन्स घरी ठेवा. त्सेत्से माशीला निळा आणि काळा रंग फार आवडतो. तिला पकडायचे सापळे मुद्दाम निळ्या कापडाचे करतात. ती चावली तर निद्रारोगाची शक्यता, म्हणजे निदान झोप तरी पूर्ण होईल. आणि परतताना केनिया-युगांडासारख्या देशातून येणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला खिशात ठेवा. नाहीतर घरचे हार घेऊन विमानतळाबाहेर उभे आणि तुम्ही सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात.

आता मूळ मुद्दा. हा गाईड म्हणवणारा इसम पैसे कसले घेतो ते एकदा बघून घ्या, म्हणजे मनात शंका राहणार नाही. पहाटे तो आणि त्याचा माग काढणारा माणूस पाणवठ्यावरचे खुरांचे ठसे बघतात. मागकरी शेणात बोट घालून ते कोमट आहे की गार ते पाहतो. त्याच्या कमरेला राखेची एक लहान पुरचुंडी असते. दर थोड्या वेळाने तो ती झटकतो, राख कुठे उडते ते बघतो, आणि वारा फिरला असेल तर सगळ्यांना वळसा घालून दुसऱ्या बाजूने नेतो. तुमच्या अंगावरच्या डिओचा वास एक किलोमीटरवर पोहोचला आहे हे तो सभ्यपणे बोलत नाही. कळप दिसला की गाईड तीन काठ्यांची घोडी तुमच्यासमोर उघडून ठेवतो, बंदुकीची नळी तीवर टेकवून देतो आणि कानात सांगतो, ‘उजवीकडून दुसरा. अजून नको. अजून नको. हं, आता.’ तुम्ही बोट वाकवता. गोळी भलतीकडे गेली तर दुसरी तो मारतो. मग माणसं जनावराचं तोंड पुसतात, जखमेवर माती टाकतात, मान उचलून देतात. तुम्ही चार हात मागे बसता, म्हणजे फोटोत शिंगं मोठी दिसतात.

या सगळ्यात तुमचा वाटा म्हणजे उजव्या हाताची तर्जनी. बाकीची माणसं वगळून टाकली की जी शिकारमोहीम उरते ती अशी: आफ्रिकेच्या गवतात एक तर्जनी.

यात लाजण्यासारखं काही नाही, परंपरा थोर आहे. आपल्या कोल्हापूरच्या दरबारात चित्ते आफ्रिकेतून आणले जात. त्यांना माणसाळवायचे चित्तेपारधी, डोळ्यांवरची टोपी काढून सोडायचे चित्तेपारधी, धावून काळवीट पाडायचा चित्ता, आणि शिकार महाराजांची. अमेरिकेचे थिओडोर रूझवेल्ट मार्च १९०९ मध्ये अध्यक्षपदावरून उतरले आणि त्याच महिन्यात आफ्रिकेच्या बोटीत बसले. बरोबर मुलगा, शास्त्रज्ञ, मुरलेले वाटाडे, दोनशेवर हमाल, आणि कातडी टिकवायला चार टन मीठ. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली. महासत्तेच्या माजी अध्यक्षाला वाटाड्या लागला, कारण त्याच्याकडे तुमच्यासारखा एक्सेलचा तक्ता नव्हता.

स्वावलंबी शिकाऱ्याचं उदाहरणच हवं असेल तर केनियातल्या त्सावोच्या पॅटरसन या इंग्रज साहेबाचं घ्या. १८९८ मध्ये तो युगांडा रेल्वेचा पूल बांधायला गेला. मजूर बहुतेक हिंदुस्थानातून नेलेले. दोन सिंह रात्री तंबूत शिरून माणसं ओढून नेऊ लागले, आणि पूल सोडून साहेबांना शिकार करावी लागली. त्यांनी रुळांच्या गजांचा सापळा बनवला. आत गजांपलीकडे बंदूकधारी शिपाई, आमिष म्हणून तेच. सिंह खरोखर आला, दार पडलं, आणि शिपायांनी हातभर अंतरावरून इतक्या गोळ्या झाडल्या की एका गोळीने दाराचा गज तुटला आणि सिंह त्यातून निघून गेला. सिंह मरेपर्यंत डिसेंबर उजाडला. पॅटरसनने नंतर बळींचा आकडा १३५ सांगितला, हाडांच्या-केसांच्या अलीकडच्या तपासणीत तो ३५ च्या आसपास निघतो. आकडा कुठलाही धरा, त्यात साहेब नाहीत. स्वतःच्या हिमतीवर केलेल्या शिकारीची किंमत कोण भरतं, हे तुमच्या तक्त्यात ज्या रकान्यात बसेल तिथे बसवा.

खर्चाचं बोलू. रोजचं भाडं वेगळं, आणि प्रत्येक जनावराची ट्रॉफी फी वेगळी. छापील दरपत्रक असतं: हरणांपैकी इंपाला स्वस्त, कुडू मध्यम, बफेलो हजारो डॉलरांत. पण मराठी माणसाने लक्षात ठेवायची अट खाली बारीक टायपात असते. रक्ताचा एक थेंब सांडला आणि जनावर पळालं, सापडलं नाही, तरी पूर्ण पैसे द्यावे लागतात. घासाघीस चालत नाही. शिवाय जखमी बफेलो पळून घरी जात नाही. वळसा घालून आपल्याच मागाशेजारी झुडपात उभा राहतो, असं तिथले जुने शिकारी सांगतात. पैसे भरलेला माल ताब्यात घ्यायला तुम्ही एकटे जाणार. हत्तीचं तर विचारूच नका. समोर दिसतं ते भव्य कपाळ म्हणजे मधाच्या पोळ्यासारखं पोकळ हाड, मेंदू मागे खोल कुठेतरी, आणि मान जरा वर-खाली झाली की नेम चुकला. तेव्हा त्याला स्थिर उभं राहायची विनंती करा.

इतकी कटकट नको असेल तर दक्षिण आफ्रिकेत कुंपणात वाढवलेला सिंहही मिळत आला आहे. लहानपणी पर्यटकांनी बाटलीने दूध पाजलेला, माणूस दिसला की खायला मिळतं एवढंच शिकलेला. तो तुमच्याकडे चालत येईल. फोटोत कुंपण दिसत नाही.

गाईड न नेण्यात एकच खरी खोट आहे, ती आधीच सांगतो. २०१५ मध्ये झिम्बाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला सेसिल नावाचा सिंह मारला गेला. गळ्यात ऑक्सफर्डच्या अभ्यासकांचा कॉलर होता. मारणारा अमेरिकन दंतवैद्य, पहिला बाण, शेवट कितीतरी तासांनी. जग पेटलं, दवाखान्यापुढे निदर्शनं झाली. तेव्हा त्याने सांगितलं की सगळं कायदेशीर आहे असं मी माझ्या तिथल्या जाणकार गाईडांवर विसंबून धरलं होतं. बघा, माणसाने पैसे मोजले ते यासाठी. खापर फोडायला दुसऱ्याचं डोकं हाताशी लागतं. तुमच्याकडे फक्त तुमचंच असेल.

ट्रॉफीची चिंता करू नका. बिबट्यासारखं जनावर साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याचं मुंडकं आणायला तिथल्या परवान्याइतकाच आपल्या सरकारचाही परवाना लागतो. तो मिळेपर्यंत तुमची टू-बीएचके रीडेव्हलपमेंटला गेली असेल, तेव्हा भिंत कुठली हा प्रश्नच येत नाही.

शेवटचं, प्रवासविमा. पॉलिसी उघडून काय काय वगळलं आहे ते वाचा. ते पान सगळ्यांत लांब असतं. वाचून झालं की नॉमिनीचं नाव भरा, आणि तिथेही काळी शाईच वापरा.