सरकती तारीख नको

आधीच सांगून टाकते, म्हणजे कॉमेंटमध्ये कुणी मोठा शोध लावल्यासारखं विचारायला नको. अमेरिकेतल्या ज्या विधेयकाला माझा विरोध आहे, ते उद्या पास झालं तर इथे राहणाऱ्या आमचंच भलं होणार आहे. मी एच-वनवर (नोकरीचा व्हिसा), नवरा एच-फोरवर (माझ्यावर अवलंबून असलेल्याचा व्हिसा), लेक बारावीत. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) रांगेत नाव लागल्याची तारीख, २०१५ची. २०२५च्या उन्हाळ्यात व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या सरकारी पत्रकात, भारताची ईबी-२ची (माझ्या नोकरीच्या वर्गवारीची) तारीख १ जानेवारी २०१३वर ठाण मांडून बसली होती. लेक एकवीसची झाली की तिचं नाव माझ्या अर्जातून गळेल, ही धास्ती घरात रोज जेवायला बसते. आणि हे विधेयक म्हणतं की सात वर्षं इथे काढलीत ना, मग घ्या ग्रीन कार्ड. तरीही नको.

विधेयक कुठलं ते सांगते. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात ‘रजिस्ट्री’ नावाची १९२९ची एक तरतूद आहे. अमुक तारखेच्या आधीपासून सलग इथे राहतोय आणि वागणूक चांगली आहे, हे दाखवता आलं तर कागद नसले तरी ग्रीन कार्ड मिळू शकतं. पहिली तारीख होती ३ जून १९२१. पुढे ती चार वेळा सरकवली, शेवटची १९८६ साली, १ जानेवारी १९७२वर. तेव्हापासून ती तिथेच आहे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या खासदार झोई लॉफग्रेन आणि सिनेटर अ‍ॅलेक्स पडिया यांनी २०२२मध्ये विधेयक आणलं, मग पुन्हा आणलं, २०२५मध्ये परत आणलं. त्यात ठरावीक तारीखच काढून टाकली आहे. अर्ज कराल त्या दिवसाच्या मागे सात वर्षं मोजायची. म्हणजे आज आलेला माणूस सात वर्षांनी पात्र, पुढच्या वर्षी येणारा आजपासून आठ वर्षांनी, आणि हे कायमचं.

तारीख एकदा पुढे नेणं आणि तारखेला चाकं लावणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. मुंबईत झोपड्यांना संरक्षण द्यायची तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, मग २००० झाली, मग पैसे भरून २०११. प्रत्येक वेळी ‘हे शेवटचं’. गुंठेवारीचा कायदा २००१मध्ये केला, २०२१मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंत ओढली. मधल्या वीस वर्षांत एनए करून, नकाशा मंजूर करून, सगळे कर भरून घर बांधणारे आमचे काका सांगलीत मूर्ख ठरले. (झोपडीत राहणारा माणूस त्याच देशाचा नागरिक असतो, त्याचा हक्क वेगळा आहे, हे मला कळतं. मी बोलतेय ते तारखेबद्दल.) पण निदान आपल्याकडे तारीख वाढवायला सरकारला दरवेळी विधानसभेत यावं लागतं, शिव्या खाव्या लागतात. इथे तीही कटकट ठेवलेली नाही.

अमेरिकेने एकदा हा प्रयोग केलेला आहे. १९८६मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी माफीच्या कायद्यावर सही केली आणि साधारण २७ लाख लोक कायदेशीर झाले. बदल्यात कबूल काय केलं होतं? बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना दंड. प्रत्यक्षात मालकाने फक्त कागद ‘खरे वाटतात’ एवढंच बघायचं होतं, त्यामुळे खोट्या कागदांचा धंदा जोरात चालला. शेतमजुरांसाठी वेगळी सवलत होती, नव्वद दिवस शेतात काम केल्याचा पुरावा द्यायचा. त्यात किती खोटी प्रतिज्ञापत्रं घुसली याच्या कहाण्या त्या काळच्या वर्तमानपत्रांत भरपूर आहेत. प्यू रिसर्च या अभ्यास संस्थेच्या अंदाजानुसार १९९०मध्ये कागद नसलेले ३५ लाख होते, २००७मध्ये १ कोटी २२ लाख, २०२३मध्ये १ कोटी ४० लाख. माफी लगेच मिळाली, अंमलबजावणी कधी आलीच नाही. आणि या नव्या विधेयकात मालकांबद्दल एक अक्षरही नाही. रेस्टॉरंटच्या भटारखान्यात रोख पैशांवर बारा-बारा तास राबवून घेणाऱ्या आपल्याच देसी शेटजींना कुणी विचारणार नाही. माझा खरा राग त्यांच्यावर आहे.

आता एजंटांचं बघा. प्यूच्याच हिशेबात २०२२मध्ये इथे सव्वासात लाखांच्या आसपास भारतीय कागदांविना होते. गुजरात, पंजाब, हरियाणातली पोरं जमिनी विकून, लाखो रुपये मोजून डंकीच्या, म्हणजे चोरून सीमा ओलांडायच्या, वाटेला लागतात. जानेवारी २०२२मध्ये कॅनडाच्या सीमेवर गुजरातमधलं एक अख्खं कुटुंब, दोन लेकरांसकट, थंडीत गोठून गेलं. अशा एजंटाच्या हातात ‘सात वर्षं काढ, मग ग्रीन कार्ड पक्कं’ हे वाक्य खुद्द अमेरिकन संसदेने द्यायचं? आज तो खोटं बोलून गिऱ्हाईक गाठतो. उद्या त्याला खोटं बोलायचीही गरज उरणार नाही.

‘तू स्वतः बाहेरची, तुला हे बोलायचा काय अधिकार?’ हे मला मंडळाच्या गणपतीत तोंडावर ऐकवून झालंय. मी बाहेरची आहे म्हणूनच बोलतेय. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर सामान बांधायचं, या अटीवर आम्ही इतकी वर्षं राहिलो. नवऱ्याने कामाचा परवाना हातात पडेपर्यंत घर सांभाळलं. वडील गेले तेव्हा परत येण्यासाठी लागणारं व्हिसाचं स्टॅम्पिंग (पासपोर्टवरचा शिक्का) अडेल या भीतीने मी तिकीट काढायला कचरले. हे सगळं कुणी जबरदस्तीने करायला लावलं नव्हतं, नियम माहीत होते, मान्य होते. पण रांगेला काही अर्थ आहे म्हणून मान्य होते.

उलट्या टोकाचे लोकही आहेत, त्यांचंही मला पटत नाही. २०२५च्या फेब्रुवारीत लष्करी विमानातून बेड्या घालून माणसं अमृतसरला उतरवली, तेव्हा आमच्या एका ग्रुपवर हसण्याच्या इमोजी पडल्या. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले.

लहानपणी आईबापांनी आणलेल्या मुलांसाठी वेगळा कायदा करा, मी पाठिंबा देईन. त्यांनी काही ठरवलं नव्हतं, माझ्या लेकीनेही नाही. तारीखही एकदा पुढे न्या, १९७२ आता हास्यास्पद आहे. पण आधी ई-व्हेरिफाय, म्हणजे कामगाराचे कागद सरकारकडून ऑनलाइन तपासून घेणं, सगळ्या मालकांना सक्तीचं करा. आणि नोकरीवरच्या ग्रीन कार्डांचा १९९०मध्ये ठरलेला वर्षाला १ लाख ४० हजारांचा आकडा आणि प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा बदला. त्याच १ लाख ४० हजारांत बायकामुलंही मोजली जातात, हे अजून कित्येकांना माहीत नाही.

सध्याच्या अमेरिकन संसदेत हे पास व्हायची चिन्हं नाहीत, पण तीनदा आलेलं विधेयक चौथ्यांदाही येईल. मला मत नाही, तरी आमच्या खासदाराच्या ऑफिसला पत्र पाठवलंय. कॉमेंटमध्ये भांडायला हरकत नाही, फक्त आधी विधेयक वाचून या. फार लांब नाहीये.