स्नेहसंमेलनासाठी बक्षिसाचा दर: एका संदेशाला उत्तर

शाळा सुरू होऊन महिना उलटला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. आठवी ते दहावीची मुले नाटक, कबड्डी, स्काउट, वक्तृत्व अशा कशातच भाग घेत नाहीत, तेव्हा पालकांनी घरातच दर ठरवावा, असा त्याचा सल्ला आहे: नाव नोंदवले तर ५०० रुपये, सराव पूर्ण केला तर १,०००, क्रमांक आला तर नवा मोबाइल. त्यासाठी संदेशात चार कारणे दिली आहेत. बक्षिसामुळे सुरुवात होते आणि गोडी पाठोपाठ लागते. मोठी माणसेही पगारासाठीच काम करतात. शाळाही गुण आणि प्रमाणपत्रे देतेच. आणि बक्षीस दिले नाही तर मूल मोबाइलमध्येच अडकून राहील. अनेक वर्षे शाळेच्या नाटकाची तालीम घेणारा शिक्षक म्हणून मला हा सल्ला घातक वाटतो.

गोडी पाठोपाठ लागते, हा या संदेशाचा कणा असल्यामुळे त्याचा विचार सविस्तर करावा लागेल. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगून ते दिले, काहींना न सांगता अचानक दिले आणि काहींना दिलेच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिले, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुले इतर दोन्ही गटांपेक्षा बराच कमी वेळ चित्रे काढत होती. मात्र ही मुले तीन ते पाच वर्षांची होती आणि त्यांना चित्रकला आवडतच होती, त्यामुळे स्टेजवर जायलाच नको म्हणणाऱ्या नववीतल्या मुलाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे योग्य नाही. एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही कंटाळवाण्या कामात बक्षिसाने आवड घटल्याचे दिसले नाही. घट दिसली ती मुळात रस असलेल्या कामात. म्हणजे ज्या मुलाच्या मनात नाटकाविषयी थोडी तरी ओढ आहे, नेमके त्याचेच नुकसान होण्याचा संभव अधिक, आणि आपले मूल यांपैकी कोणते, हे दर ठरवणाऱ्या पालकाला बहुधा ठाऊक नसते.

किशोरवयाच्या अधिक जवळचा पुरावा इस्रायलमधला आहे. तेथे शाळकरी मुले ठरलेल्या दिवशी घरोघरी जाऊन सामाजिक कामांसाठी देणगी गोळा करतात. उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या एका गटाला केवळ कामाचे महत्त्व सांगितले, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्का आणि तिसऱ्याला १० टक्के मोबदला कबूल केला; हा मोबदला देणगीतून कापला जाणार नव्हता. सर्वांत जास्त रक्कम आणली ती मोबदला न घेणाऱ्यांनी, त्यांच्या मागे १० टक्केवाले राहिले आणि १ टक्कावाले शेवटी. पैसे आले की कामाचा अर्थच बदलतो. जे चांगले काम म्हणून केले जात होते, त्याची मजुरी परवडते का, याचा हिशेब सुरू होतो. तालमीतही मी हेच पाहिले आहे. घरून पैसे ठरवून पाठवलेली मुले हजेरीपुरती येतात, पाठांतर तेवढ्यास तेवढे करतात, आणि पुढल्या वर्षी दर वाढला नाही तर नावही देत नाहीत. नाव न देणाऱ्या मुलाचा मला राग येत नाही, कारण व्यवहार त्याने मांडलेला नसतो.

पगाराचा दाखला येथे गैरलागू आहे. पगार हा पोटासाठी केलेला करार असतो, तर शाळेतील उपक्रम ही मुलाला कराराबाहेर काही करून पाहण्याच्या थोड्या जागांपैकी एक जागा असते. तीच आपण मजुरीत का बदलावी?

शाळेच्या गुणांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत खेळाडूंना, तसेच शासकीय चित्रकला परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना सवलतीचे गुण मिळतात, हे खरे आहे. हे गुण गाठलेल्या पातळीसाठी असतात, नुसते नाव देण्यासाठी नव्हेत, एवढा फरक आहेच. तरीही इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षेचा निकाल लागताच रंगपेटी कपाटात टाकणारी मुले मी दरवर्षी पाहतो, त्यामुळे हा दाखला संदेशाच्या बाजूने नव्हे, विरुद्धच जातो.

बक्षीस नाही तर मोबाइल, या शेवटच्या कारणात मूल का नको म्हणते हा प्रश्नच विचारलेला नाही. कोणाचा क्लास सरावाच्याच वेळी असतो, कोणाला आवाज फुटल्यामुळे चारचौघांत बोलण्याची लाज वाटते, कोणाकडे खेळाचे बूट नसतात, तर कोणाचा एकुलता एक मित्र दुसऱ्या तुकडीत असतो. बुटांसाठी पैसे देणे ही अडचण दूर करणे आहे, ते बक्षीस नव्हे. मुलाने केलेल्या कामातील नेमकी चांगली गोष्ट सांगितली, तर तिचा उपयोग होतो. १९९९ च्या त्याच आढाव्यात शाब्दिक प्रशंसेने एकंदरीत आवड वाढल्याचे आढळले आहे, मात्र लहान मुलांमध्ये हा परिणाम ठळक नव्हता. अचानक घरी आणलेली जिलबीही चालेल, फक्त तिची अट आधी घातलेली नसावी.

माझ्या वर्गातील एका मुलीला तिच्या वडिलांनी नाटकासाठी हजार रुपये देऊ केले होते आणि तिने दोनदा नकार दिला होता. तालीम सहापर्यंत चालायची आणि तिची व्हॅन साडेपाचला सुटायची, हे तिने मधल्या सुट्टीत सहज सांगितले. वडिलांना कळवल्यावर ते तिला स्कूटरवरून न्यायला येऊ लागले. तिने पूर्ण दोन महिने तालीम केली. हजार रुपयांची आठवण दोघांनीही पुन्हा काढली नाही.