आदेश मागे घेतला, आता नाटक वाचा

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि लातूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. पुढच्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला तेव्हा त्याच ग्रुपवर भांडणं जुंपली, आणि जूनअखेर सरकारनं तो मागे घेतल्यावर पुन्हा पेढे. बर्मिंगहॅममध्ये बसून मीही टाळ्यांचे इमोजी टाकले. पण सक्ती कुणाची, कितवीपासून, यावर एवढा धुरळा उडाला तरी मराठीच्या तासाला पोरांनी वाचायचं काय, हे कुणी विचारलं नाही.

माझी मुलगी इथल्या सरकारी शाळेत दहावीच्या वयाची आहे. तिला शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' आहे, उतारा नव्हे, अख्खं नाटक. परीक्षेत पुस्तक जवळ नसतं. एक संवाद छापून देतात आणि तिथून सुरुवात करून सगळ्या नाटकाबद्दल लिहायला लावतात. त्यामुळं आमच्या घरात सध्या राजा डंकनची वरचेवर कीव केली जाते. गद्दार निघालेल्या सरदाराबद्दल तो म्हणतो, चेहऱ्यावरून मन ओळखण्याची विद्या नाही, त्या माणसावर माझा पूर्ण भरवसा होता. वाक्य संपतं न संपतं तोच मॅकबेथ आत येतो. त्याच गद्दाराची पदवी मॅकबेथला मिळालेली आहे आणि राजाच्या खुनाचा विचार त्याच्या मनात येऊन गेलाय. प्रेक्षकाला दोन्ही ठाऊक. राजा मात्र त्याचे आभार मानतोय.

राजाच्या खुनानंतर मॅकबेथची बायको, लेडी मॅकबेथ म्हणते, थोडं पाणी घेतलं की हात मोकळे. पाचव्या अंकात तीच झोपेत चालत हात चोळते आणि म्हणते, अरबस्तानातली सगळी अत्तरं आणली तरी हा एवढासा हात सुवासिक व्हायचा नाही. सुटी वाचली तर पहिल्या वाक्यात निर्दय बाई दिसते, दुसऱ्यात बिचारी. शोकांतिका आहे ती या दोघींच्या मधल्या अंकांत, आणि ते अंक वाचल्याशिवाय हाती लागत नाहीत.

आपल्याकडं काय? 'आहे ताजमहाल एक जगती, तो तोच त्याच्यापरी', अलंकार ओळखा. अनन्वय! झोपेतून उठवलं तरी सांगेन. ही ओळ कुठल्या कवितेतली, तिच्या आधी-नंतर काय, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. अकरावीच्या युवकभारतीत नाटक हा प्रकार आला, त्यात प्रशांत दळवींच्या 'ध्यानीमनी'चा उतारा घेतला, याचा आनंदच आहे. दळवी आपल्या संभाजीनगरच्या रंगभूमीवर घडलेले. पण त्या नाटकाचा सगळा दम आईबाप ज्याच्याबद्दल बोलतायत तो मुलगा मुळात आहे का, या प्रश्नात आहे. चार पानांत तो कसा मावणार?

इथं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. मुलीच्या टेबलावर पत्त्यांसारखी कार्डं पडलेली असतात. एका बाजूला 'रक्त', दुसऱ्या बाजूला पाठ करायची चार अवतरणं. गाईडं इथंही खपतात. 'नाट्यात्म उपरोध' (पात्राला न कळलेलं प्रेक्षकाला ठाऊक असणं) एवढं लिहून मार्क मिळवणारी आणि डंकनची जराही कीव न आलेली मुलंही मी बघते.

दादाचं म्हणणं वेगळंच. "नीटला याचे मार्क किती हायत? लेकरू सकाळी सहाला क्लासला चाललंय अन् तू मॅकबेथ काय सांगायलीस?" त्याचं चुकत नाही. नीटला भौतिक, रसायन, जीवशास्त्र. बारावीची मराठी पास झाली की संपलं. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं मेडिकलची एक सीट म्हणजे घर वर काढणं असतं. विमानाचं तिकीट परवडणाऱ्या बहिणीनं त्याला हसू नये.

मात्र "आपल्या पोरांना हे झेपायचं नाही" हे मला पटत नाही. पैठणच्या नाथांचं 'विंचू चावला' भारूड रंगतं तेव्हा सोंग घेतलेला गडी गडाबडा लोळतो आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसतात. तो विंचू कामक्रोधाचा आहे हे त्यांना कळतं. रूपक ओळखा, एक गुण, असं तिथं कुणी म्हणत नाही.

मला विचाराल तर अकरावीला 'एकच प्याला' अख्खं लावा. १९१९ मध्ये, गडकरी गेल्यानंतर रंगभूमीवर आलेलं. उपरोध नावातच आहे. हुशार वकील सुधाकर, त्याची सनद काही काळापुरती जाते, तळीराम एकच प्याला पुढं करतो. तो एकच राहणार नाही हे सुधाकर सोडून सगळ्या थिएटरला कळलेलं असतं. दारूबंदीसाठी आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बाया ज्यांनी गावात पाहिल्यात, त्या पोरांना संदर्भ समजावून द्यावा लागणार नाही.

भाषा अलंकारांनी जड आहे, कबूल. वर्गात मोठ्यानं वाचली तर ती बरीच हलकी होते. नवऱ्याचे पाय न सोडणारी, दळण दळून संसार ओढणारी सिंधू आजच्या पोरींना खटकणार, हा आक्षेपही मी ऐकलाय. खटकू द्या की. इथं नाटकाच्या शेवटी लेडी मॅकबेथला राक्षसी राणी म्हटलंय, त्यावरून मुलीच्या वर्गात दोन तास भांडण चाललं आणि बाईंनी ते थांबवलं नाही. सिंधूवरून तसं भांडण लातूरच्या एखाद्या वर्गात झालं, तर त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाका.