पोपटाला ‘धरून आंघोळ’ घालायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

ऊन तापायला लागलं की पक्षी पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरू लागतो. वर हिरव्यागार पोपटाचा फोटो आणि खाली सूचना. पोपट स्वतःहून आंघोळ करत नाही, म्हणून दर रविवारी त्याला आंघोळ घालावी. हातात घट्ट पकडून नळाखाली धरावं. सुरुवातीला ओरडेल, मग सवय होईल. बेबी शाम्पू आणि दोन थेंब जंतुनाशक वापरावं, म्हणजे पिसांतले किडे मरतात. लगेच हेअर ड्रायरने वाळवावं, नाहीतर न्यूमोनिया होतो. पावसाळ्यात आणि थंडीत आंघोळ पूर्ण बंद. आणि एवढं करूनही जो पाण्याला घाबरतो तो आळशी किंवा आजारी समजावा. शेवटी नेहमीचं, ‘प्रत्येक पक्षीप्रेमीपर्यंत पोहोचवा’.

पोहोचवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण यातलं जवळजवळ काहीच पक्ष्याच्या बाजूने बघून लिहिलेलं नाही.

आधी फोटोबद्दल. मानेभोवती गुलाबी कंठ, लाल चोच, म्हणजे आपला देशी राघू. त्याला पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ‘आमच्याकडे आजोबांच्या काळापासून आहे’ हे कायद्यापुढे उत्तर होत नाही. तुमच्याकडे असा पक्षी असेल तर दया येऊन खिडकी उघडून त्याला सोडूनही देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला बाहेर दाणा शोधता येत नाही, मांजर आणि घार ओळखता येत नाही. महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. इथून पुढे मी पोपट म्हणेन तेव्हा ते पाळायला परवानगी असलेले परदेशी पोपट: बजी (दुकानात ज्याला सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात), कॉकाटील, खरे लव्हबर्ड, कॉन्यूर, आफ्रिकन ग्रे. यातल्या ग्रे आणि कॉन्यूरसारख्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, तेही याच मेसेजमध्ये आलं असतं तर बरं झालं असतं.

‘पोपट स्वतःहून आंघोळ करत नाही’

वळवाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा विजेच्या तारांकडे बघा. राघू पंख पसरून, शेपटी फुलवून, कधी चक्क उलटे लटकून भिजत असतात. बजी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पक्षी. त्याला तळी-ओढे क्वचितच मिळतात, म्हणून तो दवाने ओल्या झालेल्या गवतात अंग घासून घेतो. ग्रे आफ्रिकेच्या वर्षावनातला, त्याला पावसाची सवय. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण आंघोळ सगळ्यांनाच येते.

पिंजऱ्यातला पोपट आंघोळ करत नाही, कारण त्याला दिलेल्या वाटीत चोच सोडून दुसरं काही मावत नाही. त्या वाटीतही तो डोकं बुडवून मानेवर पाणी उडवायला बघतो, आणि घरचे म्हणतात, ‘पाणी सांडतोय मेला.’

‘दर रविवार’ हा हिशेबही माणसांच्या सुट्टीचा आहे. काही कॉन्यूर रोज भिजतात, काही बजी पंधरा दिवस पाण्याकडे ढुंकून बघत नाहीत. कॉकाटील, काकाकुवा आणि ग्रे यांच्या अंगावर भुकटी तयार होते. काही खास पिसं झिजून तिची पांढरी धूळ होते आणि ती घरभर पसरते. अशा पक्ष्यांना पाणी वरचेवर समोर ठेवावं. त्यात त्यांचं भलं आहे, शिवाय तुमचंही. पिसांच्या धुळीने वर्षानुवर्षं फुप्फुसाला सूज येण्याचा आजार पक्षी पाळणाऱ्या माणसांना होतो आणि तो डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे. मेसेजला न्यूमोनियाची एवढी काळजी आहे, पण ती फक्त पोपटाच्या.

‘घट्ट धरा, ओरडेल, मग सवय होईल’

सगळ्यात जास्त नुकसान या एका ओळीने केलंय.

पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे फुप्फुसांखालचा श्वास ओढणारा पडदा, नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. मुठीत छाती आवळली की श्वास थांबतो, मग नाक-तोंड मोकळं असून उपयोग नाही. बजीचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. घाबरलेल्या माणसाची मूठ किती आवळली जाते हे त्या माणसालाही कळत नाही. वर नळाची धार. पोपटाच्या नाकपुड्या चोचीच्या मुळाशी, वरच्या बाजूला उघड्या असतात. धार थेट तिथे पडते आणि पाणी श्वासात जाऊ शकतं.

आता त्या ‘सवयी’बद्दल. पोपट हा शिकार होणारा प्राणी. वरून आलेली, अंगाभोवती मिटलेली पकड त्याला फक्त एकच गोष्ट सांगते. तो आधी ओरडतो, चावतो, धडपडतो. काही केल्या सुटका होत नाही असं लक्षात आलं की गप्प पडतो. डोळे मोठे, पिसं अंगाला चिकटलेली, चोच किंचित उघडी. याला मेसेजवाले ‘सवय झाली’ म्हणतात. त्याने फक्त हार मानलेली असते. पुरावा हवा असेल तर दुसऱ्या दिवशी साधा हात पुढे करून बघा. जो पक्षी बोटावर येऊन बसायचा तो पिंजऱ्याच्या मागच्या जाळीला चिकटतो. पाण्याची भीती गेली नाहीच, उलट हाताची नवी भीती लागली.

पाण्याशी ओळख करून द्यायची तर पक्ष्याला निघून जायची मोकळीक हवी. सारं काही यावर उभं आहे, बाकी तपशील.

कुंडीखाली ठेवतात तसली जड, उथळ थाळी घ्या. पाणी त्याच्या पायांच्या उंचीहून जास्त नको, साधं, घरातल्या हवेइतक्याच तापमानाचं. पहिले काही दिवस ती पिंजऱ्याबाहेर, त्याला दिसेल अशी ठेवा. तुम्ही येता-जाता त्यात बोटं फिरवा. पोपट फार चौकस असतात आणि नव्या वस्तूला तितकेच घाबरतात. या दोन्ही गोष्टी एकाच पक्ष्यात असतात, त्यामुळे घाई करून पहिलीचा उपयोग घालवू नका. थाळी ओळखीची झाली की आत ठेवा आणि बाजूला व्हा. टक लावून बघत बसू नका. मोबाइलचा कॅमेरा तर नकोच, पहिल्या आंघोळीचा व्हिडिओ काढायचा मोह अनेकांची आंघोळ मोडतो.

बजींसाठी मला स्वतःला थाळीपेक्षा पालेभाजी जास्त आवडते. मेथीची किंवा कोथिंबिरीची जुडी नीट धुऊन, पाणी न झटकता पिंजऱ्याच्या वरच्या बाजूला अडकवायची. आधी तो पानं कुरतडतो, मग त्यात डोकं खुपसतो, मग पाठ घासायला लागतो. त्याच्या पूर्वजांनी ओल्या गवतात केलं तेच तो करतो, तुम्हाला शिकवावं लागत नाही.

फवारणीची बाटली शेवटी. आणि तीही थेट अंगावर नाही. आधी बाटली नुसती समोर ठेवलेली. मग दूर, दुसऱ्या दिशेला एक फवारा आणि लगेच राळ्याच्या कणसाचा तुकडा. तो आवाजाला दचकेनासा झाला की बारीक फवारा त्याच्या डोक्यावर हवेत उंच मारायचा, म्हणजे थेंब पावसासारखे खाली येतील. चेहऱ्यावर समोरून कधीच नाही. त्याने पंख अंगापासून सोडवले, पिसं फुलवली, शेपटी हलवली तर चालू ठेवा. तो आखडला, मान लांब करून पिसं चप्प केली किंवा सरकत दांडीच्या टोकाला गेला तर थांबा. त्याच क्षणी थांबा, ‘अजून एकदाच’ नाही. थांबायला सांगितलं की हे थांबतात, हे कळलेला पक्षी पुढच्या वेळी जवळ येतो.

एक गमतीची गोष्ट. नळ जोरात सोडला किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावला की पुष्कळ पोपट कोरड्या पिंजऱ्यात आंघोळीचे हातवारे करू लागतात, बहुधा तो आवाज त्यांना पावसासारखा वाटतो. त्या वेळी थाळी आत असेल तर अर्धं काम झालं.

‘बेबी शाम्पू आणि जंतुनाशक’, आणि मग ‘ड्रायर, नाहीतर न्यूमोनिया’

या दोन सूचना वेगवेगळ्या दिल्या आहेत, पण त्या एकत्रच वाचायला हव्यात, कारण पहिलीने केलेला घोटाळा दुसरीला निस्तरायचा आहे.

पिसांच्या बारीक शाखा एकमेकींत आकड्यांनी अडकलेल्या असतात. वरून तेल किंवा भुकटी असते. तेल येतं शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून. ॲमेझॉन पोपटांना ती ग्रंथी नसते, पण बजी, कॉकाटील, कॉन्यूर यांना असते. या व्यवस्थेमुळे साधं पाणी पिसांवर थेंबाथेंबाने राहतं, कातडीपर्यंत फारसं पोहोचत नाही. खालची मऊ लव कोरडी राहते आणि चाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअसचं अंग उबदार राहतं. भिजलेला पक्षी दोनदा अंग झाडतो, तासभर पिसं विंचरतो, संपलं.

शाम्पूचं कामच तेल काढणं. तो लावला की पाणी थेट लवेत आणि कातडीपर्यंत झिरपतं, आणि तेव्हा पक्षी खरोखर गारठतो. म्हणजे मेसेज आधी पक्ष्याचा रेनकोट काढून घेतो आणि मग त्याला थंडी वाजते म्हणून ड्रायर आणायला सांगतो.

ड्रायरची हवा माणसाच्या केसांसाठी असते. पक्ष्याच्या पातळ कातडीला ती भाजू शकते, तिचा आवाज भीती घालतो. शिवाय काही ड्रायरच्या आत नॉनस्टिक तव्यासारखाच लेप असतो. तो तापला की निघणारी वाफ आपल्याला जाणवतही नाही, पण पोपट त्या वाफेमुळे काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्यांची फुप्फुसं आणि हवेच्या पिशव्या हवेतला प्राणवायू फार कसोशीने शोषून घेतात, विषही त्याच कसोशीने.

जंतुनाशकाबद्दल फार लिहायची गरज नाही. पक्षी आंघोळीनंतर प्रत्येक पीस चोचीतून ओढतो. पिसांवर जे लावाल ते त्याच्या पोटात जाणार. हळदीचं पाणी, कडुनिंबाचा काढा, लिंबू, व्हिनेगर, सगळ्यालाच हे लागू. आणि ‘किडे’? बजीच्या चोचीभोवती पांढरट, खरखरीत, मधमाशीच्या पोळ्यासारखी पापुद्री दिसते ती माइट नावाच्या एका सूक्ष्म किड्याची. तो कातडीत बिळं करून राहतो, कितीही धुतलं तरी निघत नाही. त्यावर पक्ष्यांच्या डॉक्टरकडे औषध आहे.

न्यूमोनियाची भीतीही नीट तपासू. आपली सर्दी पोपटाला लागत नाही आणि आंघोळीने त्याला ‘सर्दी होते’ असंही नाही. नाक वाहत असेल, डोळे सुजले असतील तर त्यामागे जिवाणू किंवा बुरशीचा संसर्ग असू शकतो, किंवा फक्त सूर्यफुलाच्या बिया खाऊन अ जीवनसत्त्वाची कमतरता. सांभाळायचं ते इतकंच: आंघोळ सकाळी, म्हणजे अंधार पडायच्या आत अंग पूर्ण सुकेल, भिजलेल्या पक्ष्यावर थेट एसीचा झोत किंवा पंखा नको. छताचा पंखा तर खोलीत पक्षी मोकळा असताना बंदच हवा. ओले पंख जड होतात, उडण्याचा अंदाज चुकतो.

‘पावसाळ्यात आणि थंडीत बंद’

यात अर्धं खरं आहे, म्हणून थोडं सावकाश. जुलैत कोकणात कपडेही दोन दिवस वाळत नाहीत, मग पीस उशिरा सुकणारच. तिथे उघडीप बघून, दुपारच्या आत पाणी द्या. पण विदर्भातली किंवा नाशिककडची थंडी कोरडी असते, त्या हवेत पक्ष्याची कातडी खाजते, पिसं ठिसूळ होतात. तिथे थंडीतच आंघोळीची जास्त गरज. पिसं झडून नवी येत असतील तर आणखीच. नव्या पिसावर केराटिनचं, म्हणजे नखांसारख्या पदार्थाचं, आवरण असतं, ओलाव्याने ते मऊ होऊन सुटतं. उन्हाची तिरीप येईल आणि सावलीतही सरकता येईल अशा जागी पिंजरा ठेवून सकाळी दहाच्या सुमारास थाळी द्या. पाणी कोमट करायचा अट्टहास नको, फक्त माठातलं गार नको.

थाळी तासाभरात काढून घ्या, तो त्यात विष्ठा टाकतोच. फवारणीची बाटलीही रोज रिकामी करून वाळवा. साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि तेच पाणी तुम्ही बारीक तुषार करून त्याच्या श्वासात सोडत असता.

‘जो घाबरतो तो आळशी किंवा आजारी’

आळशी पोपट अजून जन्माला यायचाय. घाबरणाऱ्यामागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं, आणि पुष्कळदा ते याच मेसेजप्रमाणे घडलेलं असतं. अशा पक्ष्याच्या बाबतीत काही आठवडे पाण्याचा विषयच काढू नका. हातातून खाऊ घ्यायला लागू दे, मग ओली मेथी, आणि थाळी बरीच नंतर. काहींना माणसाने ठेवलेली थाळी आवडत नाही, पण कपाटाच्या आरशासमोर ठेवली की जमतं. काहींना दुसऱ्या पक्ष्याला भिजताना बघावं लागतं. काहींना कधीच आवडत नाही, ते पिसं विंचरून स्वच्छ राहतात, आणि पिसं चमकत असतील, तो खेळत-खात असेल तर त्यात बिघडलं काही नाही.

आजार मात्र वेगळा दिसतो. पक्षी फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय, श्वासागणिक शेपटी वर-खाली होतेय, खाणं कमी झालंय, तर आंघोळीचा विचार सोडा आणि त्याच दिवशी पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर गाठा. पिसं पूर्ण न आलेली पिल्लं आणि कालच घरी आणलेला पक्षी, यांनाही पाण्यात उतरवायची घाई नको.

मेसेजमध्ये पाळण्यासारखं एकच वाक्य सापडलं, आणि ते सगळ्यात खाली, हात जोडलेल्या इमोजीच्या शेजारी आहे: ‘पिण्याचं पाणी रोज बदला.’ तेवढं पुढे पाठवायला हरकत नाही. फोटो मात्र बदला.