खुलासा: माहीमचं निसर्ग उद्यान ‘मूळचं जंगल’ नव्हे

‘धारावीजवळचं निसर्ग उद्यान म्हणजे मुंबईचं शेवटचं मूळ जंगल, तिथे आजवर कुणी हातसुद्धा लावलेला नाही,’ असा मेसेज सध्या फिरतोय. हेतू चांगला असेल, पण माहिती उलटी आहे.

सायन-वांद्रे लिंक रोडलगतची ही सुमारे ३७ एकर जागा १९७७ पर्यंत कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होती. इथल्या जुन्या रहिवाशांना विचारा, आधी वास आठवतो, मग धूर. नंतर त्या कचऱ्यावर माती पसरून झाडं लावली गेली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. म्हणजे आतली झाडी माणसांनी लावलेली. मिठी नदीच्या काठची खारफुटी तेवढी खाडीची स्वतःची. भरती ओसरली की चिखलातून वर आलेली तिची श्वासमुळं दिसतात, पेन्सिली रोवल्यासारखी.

त्यामुळे ‘हात लावू नका’ हा आग्रह इथे गैरलागू आहे. लोकांचं मागणं साधं आहे: पायवाटा नीट करा, म्हाताऱ्यांना टेकायला बाकं द्या, खारफुटीत अडकलेलं प्लास्टिक काढा. दिव्यांची रोषणाई मात्र नको. रात्री तिथे पक्षी झोपतात.