हुजूर पक्षाचं झाड आणि आपली मशाल

निवडणूक हरलेल्या पक्षाचं पहिलं वाक्य महाराष्ट्रात ठरलेलं असतं: "आमचं काम लोकांपर्यंत पोहोचवायला आम्ही कमी पडलो." जून २०२४ मध्ये महायुतीच्या पदरात लोकसभेच्या ४८ पैकी १७ जागा पडल्या तेव्हा हेच ऐकू आलं, आणि वर 'खोटं नॅरेटिव्ह'. पाच महिन्यांनी विधानसभेत महाविकास आघाडीचं पानिपत झालं तेव्हा दोष मतदानयंत्राचा निघाला. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत गावानं मतपत्रिकांवर स्वतःच फेरमतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनानं ते थांबवलं. या दोन्ही स्पष्टीकरणांत एक प्रश्न कुणीच विचारत नाही. पक्षाचं नाव ऐकल्यावर मतदाराच्या मनात पहिल्यांदा काय येतं?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न एका पक्षाला जाहीरपणे विचारावा लागला होता. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मराठीत आपण पूर्वापार 'हुजूर पक्ष' म्हणतो. (प्रतिमेची अडचण आपल्या भाषांतरातच आली, असं म्हणायला हरकत नाही.) १९९७ आणि २००१ असे दोन मोठे पराभव पचवल्यावर ऑक्टोबर २००२ मध्ये बोर्नमथच्या अधिवेशनात पक्षाच्या तेव्हाच्या अध्यक्षा थेरेसा मे यांनी भर सभेत सांगितलं, की काही लोक आपल्याला 'दुष्टांचा पक्ष' म्हणतात. सभागृहाला ते रुचलं नाही. २००५ ला पक्ष पुन्हा हरला, आणि मायकेल अॅशक्रॉफ्ट या पक्षाच्याच धनिक नेत्यानं पदरमोड करून मतदारांच्या मोठ्या चाचण्या घेतल्या. त्या काळच्या चाचण्यांमधून पुढे आलेली गोष्ट साधी आणि बोचरी होती. एखादं धोरण नुसतं वाचून दाखवलं तर लोक मान डोलावत. तेच धोरण हुजूर पक्षाचं आहे असं सांगितलं की पाठिंबा घसरे.

म्हणजे म्हणणं पोहोचत होतं. कोण म्हणतंय, तिथे घोडं अडत होतं.

ही चाचणी आपल्याकडच्या कुठल्याही पक्षाला एका प्रभागात करता येईल, आणि ती एका मोठ्या होर्डिंगपेक्षा महाग पडणार नाही. मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी ४०० नावं निवडायची. ओळखीची नकोत, आणि एकाच सोसायटीतली तर नकोतच. त्यांचे दोन समान गट करायचे. पाणीपट्टी, पुनर्विकास, रिक्षातळ अशा तीन-चार ठोस प्रस्तावांवर मत विचारायचं. एका गटाला प्रस्ताव नुसता सांगायचा, दुसऱ्याला "अमुक पक्षाचा प्रस्ताव आहे" अशी सुरुवात करून. दोन्ही गटांच्या होकारातला फरक ही त्या पक्षाच्या प्रतिमेची किंमत. मात्र २०० जणांच्या गटात सात टक्के इकडेतिकडे होणं स्वाभाविक असतं. त्यामुळे दोन गटांतला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर त्यावरून काहीच निष्कर्ष काढू नये. पंधरा-वीस टक्के निघाला तर नेत्यांचे फोटो छापण्याआधी थांबावं.

ही चाचणी बिघडते कुठे, तेही माहीत असावं. विचारणारा पक्षाचा कार्यकर्ता असला, गळ्यात उपरणं नसलं तरी गल्लीत सगळे त्याला ओळखतात, आणि समोरचा त्याला हवं तेच सांगतो. सकाळी अकराला गेलं तर कामाला जाणारी माणसं भेटत नाहीत. घरातल्या कर्त्या पुरुषानं "आमच्याकडची चार मतं" म्हणून एकदम उत्तर दिलं तर बाईचं मत कळतच नाही. आणि निकाल नको तसा आला की प्रश्न बदलून पुन्हा पाहणी करण्याचा मोह सगळ्यांत वाईट.

हुजूर पक्षानं निदान झाल्यावर केलं काय? डिसेंबर २००५ मध्ये डेव्हिड कॅमेरून नेते झाले. पुढच्या एप्रिलमध्ये ते उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डला जाऊन कुत्र्यांच्या गाडीत बसले, हिमनद्यांची काळजी दिसावी म्हणून. संसदेत सायकलवरून जाऊ लागले, पण कागदपत्रं घेऊन मागून मोटार येते हे वर्तमानपत्रांनी शोधून काढलं. त्याच वर्षी पक्षानं थॅचरबाईंच्या काळापासूनचं चिन्ह टाकून दिलं आणि हिरव्या फांद्यांचं झाड घेतलं. टाकलेलं चिन्ह कुठलं होतं? मशाल. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये फुटलेल्या शिवसेनेतल्या ठाकरे गटाला जे मिळालं, तेच.

तेवढ्यावरून चिन्हाला किती महत्त्व द्यायचं हा वाद मात्र दोन्हीकडे वेगळा आहे. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर नाव आणि पक्ष वाचून फुली मारायची असते, चिन्ह शोभेपुरतं. आपल्याकडे चिन्ह चुकलं की जागा जाते. २०२४ ला साताऱ्यात शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले, आणि त्याच मतदारसंघात 'ट्रम्पेट' चिन्हावरच्या अपक्षानं ३७,०६२ मतं घेतली. त्या चिन्हाचं मराठी नाव यादीत 'तुतारी' असं होतं, आणि शिंदे यांचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. प्रतिमा, संपर्क वगैरे बोलताना आधी अशा गोष्टींची वही नीट ठेवायला हवी.

कॅमेरून यांच्या झाडाखाली खरा बदल झाला तो उमेदवारांच्या यादीत. २००५ ला पक्षाच्या १७ महिला खासदार होत्या, २०१० ला ४९. गोरेतर खासदार दोनाचे अकरा झाले. यादी बदलायला स्थानिक शाखांशी भांडावं लागतं, म्हणून तिच्यावर लोकांचा विश्वास थोडा बसतो. सायकलीसाठी कुणाशी भांडावं लागत नाही. तरीही २०१० ला ३६ टक्के मतं मिळाली, बहुमत नाही. गोरेतर मतदारांपैकी जेमतेम १६ टक्के हुजूर पक्षाकडे आले, मजूर पक्षाकडे ६८.

आता दारावरच्या संपर्काविषयी, कारण महाराष्ट्रातून इकडे ब्रिटनमध्ये बघणाऱ्यांना त्याचं फार कौतुक वाटतं. संध्याकाळी सहा ते आठ, चार-पाच जणांची टोळी. एकाच्या हातात फळीवर रस्त्यातल्या घरांची मतदारयादी, हल्ली मोबाइलवर. तो रस्त्यावर उभा राहून बाकीच्यांना घरं वाटतो. ते दार वाजवतात, उत्तर घेऊन येतात, तो खूण करतो: आपला, आपल्याकडे कल, ठरलेलं नाही, दुसऱ्याचा, घरी नव्हते, टपालानं मत देतात. शंभर दारांत तीस-चाळीस उघडली तरी फेरी बरी म्हणायची. वाद घालायचा नाही, दोन मिनिटांत निघायचं. टपाली मतदार ओळखणं महत्त्वाचं, कारण मतदारांचा सुमारे पाचवा हिस्सा टपालानं मत देतो आणि मतपत्रिका दोन-तीन आठवडे आधी घरी येते. शेवटच्या आठवड्यातल्या जोरदार प्रचाराचा त्यांच्यातल्या अनेकांवर काहीच परिणाम होत नाही.

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर पक्षांची माणसं कोटाला फितीचं फूल लावून उभी असतात आणि मत देऊन येणाऱ्याला यादीतला क्रमांक विचारतात. सांगायचं बंधन नसतं. ते क्रमांक कचेरीत जातात, 'आपल्या' यादीतून कापले जातात, आणि उरलेल्यांच्या दारावर रात्री दहापर्यंत थापा पडतात. आपल्या बूथवरच्या टेबलाचंच हे भावंड. फरक एवढाच, की प्रचार ४८ तास आधी थांबवण्याचा नियम इथे नाही, आणि मतदाराला खाऊपिऊ घालून मत मिळवणं हा गुन्हा आहे. चहाबिस्किटं कार्यकर्त्यांपुरती. आपली वडापावची रांग इथल्या निवडणूक प्रतिनिधीला घाम फोडेल.

पण या यंत्रणेत एक मोठं भोक आहे. फळीवर 'कोणाला' असा रकाना असतो, 'का' असा नसतो. शिवाय निवडणुकीनंतर कोणी मतदान केलं (कोणाला, ते नाही) हे दाखवणारी खुणांची यादी पक्षांना मिळते, आणि पुढच्या वेळी ते आधी मत दिलेल्यांच्याच दारी जातात. मत न दिलेला, भाड्यानं राहणारा, नुकताच आलेला माणूस यादीतून हळूहळू नाहीसा होतो. त्यात आपण मराठी लोक फार मोठ्या प्रमाणात मोडतो. भारतीय नागरिक विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर इथे राहत असला तरी राष्ट्रकुलाच्या नियमानं त्याला संसदेसाठीही मत देता येतं. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक देऊन मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधीपर्यंत नाव नोंदवायचं, बस. २०२३ पासून केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं, त्यात भारताचा पासपोर्ट चालतो. बहुतेकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि सांगायला येणाऱ्याच्या यादीत त्यांचं नावच नसतं.

यावर पक्षांनी काढलेला तोडगा म्हणजे आडनाव. इथे मात्र मला ब्रिटन आणि महाराष्ट्र यांत काही अंतर दिसत नाही. आपल्याकडे आडनावावरून जात ओळखतात, इथे धर्म आणि देश. २०१६ च्या लंडन महापौर निवडणुकीत हुजूर पक्षाचे उमेदवार झॅक गोल्डस्मिथ यांच्या प्रचाराची पत्रकं नावं बघून भारतीय आणि तमीळ घरांत पोहोचली, आणि मजूर पक्षाचे सादिक खान आले तर घरातल्या दागिन्यांवर कर बसेल अशी भीती त्यांत घातली होती. दक्षिण आशियाई बाई म्हणजे सोनं, एवढाच अभ्यास. खान दुसऱ्या फेरीअखेर ५७ टक्के मतांनी निवडून आले. २०१५ ला कॅमेरून यांच्यासाठी हिंदी प्रचारगीत निघालं होतं. २०१९ ला वरळीत गुजराती फलक लागले, 'केम छो वरळी'. आदित्य ठाकरे जिंकले, पण फलकांवर मराठी माणूसही चिडला आणि गुजराती मतदारालाही कळलं की चार वर्षं आपल्याला कुणी 'केम छो' विचारलं नव्हतं.

आडनावाची गणितं चुकतातही. देसाई मराठी की गुजराती? आणि स्विंडनला बरेच गोवेकर राहतात. त्यांच्यात फर्नांडिस नावाचा एक जण भारताच्या पासपोर्टवर असेल तर त्याला संसदेसाठी मत आहे. शेजारचा फर्नांडिस पोर्तुगालच्या पासपोर्टवर असेल तर त्याला फक्त स्थानिक निवडणुकीत. नावावरून घरं वाटणाऱ्याला हा फरक कळणार कसा?

आडनाव बघून केलेला संपर्क फसतो, या माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं एक उदाहरण आहे, ते लपवायला नको. जुलै २०२४ मध्ये ऋषी सुनक यांचा पक्ष १२१ जागांवर आला. तरीही लंडनच्या पूर्व हॅरो मतदारसंघात त्याच पक्षाच्या बॉब ब्लॅकमन यांनी निम्म्याहून जास्त मतं घेतली. त्या निवडणुकीत हुजूर पक्षाला दुसरीकडे कुठेही असं जमलं नाही. पूर्व लेस्टरला शिवानी राजा जिंकल्या, आणि देशभरात पक्षानं नव्यानं कमावलेली ती एकच जागा. मग हिंदू-भारतीय संपर्क यशस्वी झाला म्हणायचा का? थोडा झालाच. पण लेस्टरमध्ये मजूर पक्षाचे दोन माजी खासदार पक्षाविरुद्ध उभे होते, आणि २०२३ च्या पालिका निवडणुकीआधी त्या पक्षानं आपल्याच अनेक नगरसेवकांची तिकिटं कापली होती. त्याआधी २०१९ च्या अधिवेशनात काश्मीरवर ठराव केला, दोन महिन्यांत पत्र काढून तो निस्तरायची वेळ आली. मजूर पक्षाचा समज असा, की ही मतं आपली आहेतच. ब्लॅकमन मात्र २०१० पासून त्याच मतदारसंघात ठाण मांडून होते.

पैशाचं एक गणित बघण्यासारखं आहे. इथे शहरी मतदारसंघात उमेदवाराला ११,३९० पौंड आणि दर मतदारामागे ८ पेन्स खर्चता येतात. ७५ हजार मतदार धरले तर १७,३९० पौंड, म्हणजे माणशी २३ पेन्स. पौंडाला शंभर रुपये धरा, २३ रुपये. आपल्याकडे लोकसभेला ९५ लाख रुपयांची मर्यादा आणि मतदारसंघात सरासरी १९ लाखांवर मतदार, म्हणजे माणशी पाच. कागदावर आपला उमेदवार गरीब. पण इथे पक्षाच्या देशव्यापी खर्चालाही मर्यादा आहे आणि टीव्हीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करता येत नाही. आपल्याकडे पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. म्हणून आपली प्रतिमा वरून, मोठ्या पैशानं, एकाच चेहऱ्यावर रंगवली जाते आणि खालचा कार्यकर्ता वाटपापुरता उरतो. पन्नाप्रमुखाच्या हाती यादीचं एक पान, तीसेक नावं असतात. ब्रिटनमधल्या कुठल्याही शाखेला हेवा वाटावा इतकी बारीक वाटणी. त्या तीस जणांकडे तो पोलचिट घेऊन जातो, योजनेचा फॉर्म घेऊन जातो. लाडक्या बहिणीच्या दीड हजारांच्या अर्जांच्या वेळी तर घरोघर गेला. त्यांच्यातल्या कोण, कशावरून नाराज आहे हे त्याला तोंडपाठ असतं. ते लिहून घेणारा वर कोणी नसतो.

आणि इकडे आलेला तोच मतदार? भारतीय पासपोर्ट असलेला कोल्हापूरकर परदेशी मतदार म्हणून ६अ क्रमांकाचा अर्ज भरू शकतो, पण मत द्यायला त्याला स्वतः गावच्या केंद्रावर हजर राहावं लागतं. त्याच पासपोर्टवर तो हॅरोचा खासदार मात्र घरापासून दहा मिनिटांवर निवडतो. तरी भारतातले नेते लंडनला येतात तेव्हा त्यांना सभा हवी असते. नोव्हेंबर २०१५ मध्ये वेम्बली मैदानावर पंतप्रधानांसाठी सुमारे ६० हजार लोक जमले होते. विमानाचं तिकीट काढल्याशिवाय त्यांच्यातल्या एकालाही भारतात मत देता आलं नसतं. बोलणं वेम्बलीत चाललं होतं, ऐकणारे घरी टीव्हीसमोर बसले होते.