आधी काकूंना उठव, मग डब्याचं बोल

त्या 36 प्रोटीन पावडरींच्या तपासणीचं प्रकरण अण्णांनी परवा पुन्हा उकरून काढलं, कारण बंड्या प्रोटीनचा शेकर खळखळवत सोलापुरातल्या सात रस्त्याच्या टपरीवर आला. जिम तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पण तेवढंही तो गाडीवरून येतो आणि सिग्नलला थांबला की एक घोट मारतो.

"व्यायाम झाला की अर्ध्या तासाच्या आत पोटात गेलं पायजे," बंड्या म्हणाला. " न्हाईतर सगळा व्यायाम वाया."

"आमच्या तालमीत घड्याळ लावून कुणी दूध प्यायलं न्हाई बे," मल्लूअप्पा म्हणाले.

"36 डबे तपासले, त्यातल्या पंचविसेकात लेबलवर लिहिलं तेवढं प्रोटीनच नव्हतं," अण्णांनी पेपर नसतानाही पेपर वाचल्यासारखं सांगितलं. "2024 सालची गोष्ट. काहींत बुरशीचं विष निघालं. वर त्याच वर्षी आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं सांगितलं, पावडरीच्या नादी लागू नका. आणि हा बघा."

"माझा ब्रँड त्यात नव्हता."

"यादी वाचलास?"

"न्हाई."

अण्णा जिंकल्याच्या थाटात मागं रेलले. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांचं एकच म्हणणं आहे: शेंगाचटणी, कडक भाकरी आणि दही. यांवर त्यांच्या आजोबांनी नव्वदी गाठली, तेव्हा बाकी सगळी थेरं. आजोबा रोज विहिरीचं पाणी शेंदायचे आणि शेतात राबायचे, हे अण्णा सांगत नाहीत. ते मल्लूअप्पांनी सांगितलं.

तेवढ्यात राजश्रीची स्कूटी थांबली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, घरोघरी जाऊन पेशंट बघते. डिकीत वाळूच्या वजनपिशव्या असतात म्हणून तिची गाडी कुणी उसनी मागत नाही. शाळेपासून मला तिचं बोलणं पटत आलंय आणि परवाही तीच बरोबर होती, हे आधीच सांगून टाकतो.

"अण्णा, चटणी किती खाता?"

"दोन चमचे. कधी तीन."

"दोन चमच्यांत चार-पाच ग्रॅम प्रोटीन. शेंगदाण्यात निम्मी चरबी असते, त्यामुळं प्रोटीनसाठी वाटीभर चटणी खाल्ली तर पँट बदलावी लागेल. तुमचं वजन 70 ना? आयसीएमआरच्याच हिशेबानं किलोमागं 0.83 ग्रॅम धरलं तर 58 ग्रॅम होतात. पासष्टीनंतर 1 ते 1.2 ग्रॅम घ्या, असं म्हातारपणाच्या स्नायूंवर काम करणारे डॉक्टर 2013 पासून सांगतायत. म्हणजे तुम्हाला 70 ते 84. आता काय खाल्लं ते सांगा."

अण्णांनी बोटं मोजली. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी, थोडं दही. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री दूध-भात, कारण रात्री हलकं खावं.

"भाकऱ्यांचे पंधरा, आमटीचे पाच-सहा, दह्याचे तीन, दूध-भाताचे आठ-नऊ. टोस्ट धरून चाळीसच्या आत. आणि ते रात्री हलकं खाणं सोडा. तरुण शरीराला थोडं प्रोटीन मिळालं तरी ते स्नायूंच्या कामी लावतं. म्हातारं शरीर तसं दाद देत नाही, त्याला एका जेवणात 25-30 ग्रॅम लागतात. अंडं खात नाही ना? मग रात्री घट्ट वरण, मटकीची उसळ किंवा पनीर. सोयाबीनच्या वड्या 50 ग्रॅम भिजवल्या तर 25 ग्रॅम तिथंच मिळतात. लायसिन हा प्रोटीनचा एक गरजेचा घटक, तो नुसत्या ज्वारीत कमी असतो, डाळीत भरपूर. म्हणून भाकरीबरोबर आमटी हवी, पण अशी की वाटीचा तळ दिसू नये."

"ऐका!" बंड्यानं शेकर उंच धरला. "मी काय सांगूलालोय? एक स्कूप, 24 ग्रॅम. विषय संपला."

"तुझ्या काकूंना तू काय दिलास?"

बंड्याचा हात खाली आला. काकू न्हाणीत पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. बंड्यानं दवाखान्यात तीन हजारांचा डबा नेला होता आणि त्याचा फोटोही टाकला होता.

"डबा दिलास, चांगलं केलंस," राजश्री म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "पण घरी आणल्यावर सगळ्यांनी मिळून त्यांना झोपवून ठेवलं. 'आराम करा, उठू नका.' 2007 सालचा एक अभ्यास आहे. सरासरी 67 वयाच्या बारा धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. पायांचं जवळपास एक किलो मांस गेलं. ती तर आजारीही नव्हती. काकू महिनाभर पडून आहेत."

"डॉक्टरच म्हणाले, जपा."

"जपा म्हणजे पडून राहा नव्हे. 1994 सालचा बोस्टनचा प्रयोग ऐक. वृद्धाश्रमातली शंभर माणसं, सरासरी वय 87. काहींना पायांचा वजनाचा व्यायाम दिला, काहींना नुसतं पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दहा आठवड्यांत वजन उचलणाऱ्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. नुसतं पेय पिणाऱ्यांच्या अशक्तपणात फरक पडला नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी, बंड्या! आधी काकूंना खुर्चीतून उठव, मग डब्याचं बोल."

मल्लूअप्पांनी मांडीवर थाप मारली. ते गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच, जड काठ्या पेलतात. "हे आमच्यात पोरांना सांगावं लागतं. यात्रा जानेवारीत, सराव कितीतरी आधी सुरू. कितीही बदाम खा, सरावाला आला न्हाईस तर अडुसष्ट लिंगांची फेरी तुझ्याच्यानं होत न्हाई."

इथं मला एक बोलायचं होतं आणि मी बोललो. कट्ट्यावर प्रोटीन म्हटलं की दंडच डोळ्यांपुढं येतात. पण आमच्या गावात हजारो बायका सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळतात. साठीला आल्या की जमिनीवरून उठताना हात टेकतात, मग भिंत धरतात, मग उठायचंच टाळतात. घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, म्हणजे डाळीचं वरचं पाणी आणि कालची भाकरी. घरात एकच अंडं असलं तर ते पोराच्या ताटात जातं. पोराला त्या वयात ते एरवीही पचतंय आणि भिनतंय. खरी गरज जिला आहे तिला कुणी 'आज किती ग्रॅम झाले' असं विचारत नाही. याचा मला राग येतो.

"बरोबर आहे," राजश्री म्हणाली, "आणि त्यांना डबा परवडतही नाही. फुटाणे परवडतात. हुलग्याचं माडगं परवडतं. चव लागत नाही, दात नाहीत, भूक मेलीय, अशा पेशंटला मी स्वतः पावडर लिहून देते. ते दुधाचंच प्रोटीन आहे, विष नाही. पण तपासलेलं घ्या आणि व्यायामाच्या जोडीनं घ्या."

"आणि किडनी?" अण्णा अजून मागं हटले नव्हते.

"किडनी धड असेल तर एवढ्यानं बिघडत नाही. आधीच दुखणं असेल तर मात्र प्रोटीन उलट आवरावं लागतं. तुम्हाला शुगर आहे, आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघा, किडनीचं काम त्यावरून कळतं. शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे आणि शाकाहारी आहात, तेव्हा बी12 पण बघा."

"माझं क्रिएटिनिन वाढलेलं आलं होतं," बंड्या हळूच म्हणाला.

"ताकदीसाठी क्रिएटिनची पावडर खातोस ते डॉक्टरला सांगितलास?" राजश्रीनं विचारलं.

"...न्हाई."

"रोज तीन ते पाच ग्रॅम क्रिएटिन घेतलं की किडनीला काही न होताही रिपोर्टात आकडा थोडा चढतो. ते वाईट नाही, व्यायामाबरोबर म्हाताऱ्यांनाही उपयोगी पडतं. पण डॉक्टरपासून काय लपवतोस? आणि ती अर्ध्या तासाची घाई सोड. दिवसभरात एकूण किती गेलं ते महत्त्वाचं. सिग्नलला गाडी नीट चालव."

"गाडीवरून आठवलं," मल्लूअप्पा म्हणाले, "माझ्या गाडीचा आरसा फोडलास त्याचे पैसे?"

"अप्पा, ते चार वर्षांमागचं!"

"आरसा अजून तसाच हाय."

विषय सुटतोय असं बघून राजश्रीनं टपरीवरची प्लास्टिकची खुर्ची मधोमध ओढली. "हात छातीवर घडी. पाच वेळा उठा, पाच वेळा बसा. आपल्या आशियाई लोकांसाठी 12 सेकंदांची रेघ आहे. त्याहून जास्त लागले तर पायांकडं बघायची वेळ आली."

मल्लूअप्पा आठ सेकंदांत मोकळे. अण्णांना सतरा लागले. त्यांनी खुर्चीचा एक पाय आखूड असल्याचा दावा केला, चहावाल्यानं तो फेटाळला. मग बंड्या बसला. दंड असे की टी-शर्टाच्या शिवणी ताणलेल्या. तीन वेळा झपाझप उठला, चौथ्याला चेहरा वाकडा झाला आणि पोटरी धरून तो तिथंच थांबला.

"पेटका आला," तो म्हणाला. "काल लेग्ज होते."

"तुझे लेग्ज कधी असतात बे?" मल्लूअप्पांनी विचारलं. "तीन वर्षं बघूलालोय, तुझ्या जिमला कमरेखाली सुट्टीच असते."

अण्णा इतके हसले की चहा सांडला. बंड्या शेवटी स्वतःच हसायला लागला, पोटरी चोळत. राजश्रीनं त्याच्यासमोर वाळूच्या दोन पिशव्या आपटल्या, एकेक किलोच्या. "या काकूंसाठी. उद्या सकाळी मी येते, तू घरी थांब. आणि अण्णा, तुम्ही पण या, खुर्ची तिथली चांगली आहे."

"पिशव्यांचे पैसे?" बंड्यानं विचारलं.

"आरशाच्या हिशेबात धर," मल्लूअप्पा म्हणाले.